मळ आणि स्नेह
दिवाळीच्या पहाटे अंगाला आधी तेल लागते, मग उटणे. मळ जावा, पण अंगचा स्नेह राहावा, हा त्या क्रमातील विवेक होय.

फ्रान्समध्ये १७९१ साली निकोला लब्लाँ याने मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. पुढील शतकात साबण स्वस्त होऊन नित्याच्या स्नानात शिरला. परंतु अल्कधर्मी साबण मळाबरोबर त्वचेचा स्निग्धांशही धुऊन नेतो. निरोगी त्वचेवर सौम्य आम्लाचे आवरण असते, हे १९२८ मध्ये शाडे व मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी मांडले. साबणाने ते क्षीण होते. कोरडी त्वचा ओढते, खाजते. म्हणूनच आजचे वैद्यक कोमट पाणी, मोजका सौम्य साबण आणि अंग ओलसर असतानाच स्निग्ध लेप सुचविते. क्रम बदलला, विवेक तोच राहिला.