साय कुणाची?

घरी चीज करायला लागलेल्या माणसाला दुधाची पिशवी उलटीपालटी करून बारीक अक्षरं वाचायची सवय लागते. मी ठाण्यात राहतो आणि गेली काही वर्षं घरी पनीर, टोपली पनीर आणि जमेल तसं रेनेटचं चीज करतो. पिशवीवर मी एकच शब्द शोधतो : 'होमोजिनाइज्ड'. तो दिसला की पिशवी परत ठेवतो. दुकानदार वैतागून म्हणतो, "दादा, सगळं दूध सारखंच असतं हो." तो म्हणतो ते अगदीच खोटं नाही. सगळं दूध सारखं व्हावं यासाठी जगात सव्वाशे वर्षं खटपट चालू आहे. त्या खटपटीत साय कुणाकडून कुणाकडे गेली, हा या लेखाचा विषय.

आधी थोडी यंत्राची माहिती. दुधातला स्निग्धांश बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असतो. गोळीचा व्यास साधारण १ ते १० मायक्रॉन. म्हशीच्या दुधातल्या गोळ्या गाईच्या दुधातल्यापेक्षा सरासरीने मोठ्या. स्निग्धांश पाण्याहून हलका, म्हणून दूध शांत ठेवलं की तो वर येतो. होमोजिनायझेशनमध्ये दूध प्रचंड दाबाने अगदी अरुंद फटीतून ढकलतात. गोळ्या फुटून एक मायक्रॉनच्या आसपास येतात आणि इतक्या लहान गोळ्या वर येत नाहीत. मात्र गोळ्या फुटल्या की त्यांचा एकूण पृष्ठभाग कितीतरी वाढतो, मूळचा पापुद्रा पुरत नाही आणि दुधातलं केसीन हे प्रथिन त्या उघड्या जागी चिकटतं.

चीजवाल्याचं दुखणं इथेच आहे. चीज म्हणजे केसीनची जाळी. रेनेट घातल्यावर ही जाळी घट्ट विणली गेली पाहिजे. होमोजिनाइज्ड दुधात ती ढिली राहते, पाणी सोडत नाही, आणि खरवसासारख्या जमलेल्या थराच्या वड्या कापायला जावं तर त्यांचा भुगा होतो. पाश्चरायझेशन ही वेगळी गोष्ट आहे. दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवून लगेच गार करायचं, ते जंतू मारण्यासाठी. पाश्चराइज्ड दुधाचं चीज छान होतं. लोक या दोन शब्दांची गल्लत करतात, आणि 'पिशवीच्या दुधात काही राम नाही' म्हणून मोकळे होतात. खोक्यातलं महिनोन् महिने टिकणारं दूध मात्र रेनेटच्या चीजला खरंच निरुपयोगी. ते १३५ अंशांच्या वर तापवलेलं असतं आणि बहुधा होमोजिनाइज्डही असतं.

दुधातून साय वेगळी काढायची तर पूर्वी ती वर येण्याची तासन् तास वाट बघावी लागे. १८७८ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल याने दूध गरगर फिरवून साय अखंड वेगळी करणारं यंत्र बनवलं. तेव्हापासून किती साय काढायची आणि किती ठेवायची, हे डेअरीच्या हातात गेलं. पुढे १८९९ मध्ये फ्रान्सच्या ओग्युस्त गोलाँ याने होमोजिनायझरचं पेटंट घेतलं आणि १९००च्या पॅरिस प्रदर्शनात ते यंत्र मांडलं. पहिल्या यंत्राने साय काढता येऊ लागली, दुसऱ्याने ती दुधातच राहून दिसेनाशी करता येऊ लागली.

गिऱ्हाइकाला मात्र हे दुसरं यंत्र लगेच पटलं नाही. काचेच्या बाटलीत वर जमलेली सायीची रेघ हाच दुधाच्या चांगुलपणाचा पुरावा होता. अमेरिकेत तर साय ठळक दिसावी आणि सहज काढता यावी म्हणून मानेपाशी फुगीर बाटल्या निघाल्या होत्या. इंग्लंडमध्ये ही साय पक्ष्यांनाही कळली. दारात ठेवलेल्या बाटल्यांची झाकणं फोडून टिट जातीचे चिमुकले पक्षी साय खातात, अशी पहिली नोंद १९२१ मध्ये साउदॅम्प्टनजवळ झाली. पुढे हे कसब देशभरच्या पक्ष्यांमध्ये पसरलं.

आपल्याकडे बाटली नव्हती, पातेलं होतं. दूध तापवून निवल्यावर येणारी साय म्हणजे नुसता वर तरंगून आलेला स्निग्धांश नव्हे. तापल्यामुळे प्रथिनांचाही पापुद्रा धरतो आणि स्निग्धांश त्यात अडकतो. पण तिचं काम तेच होतं. रतीब घालणाऱ्याने पाणी किती घातलंय, हे साय सांगायची. आठवडाभराची साय विरजायची, ताक घुसळायचं, लोणी कढवायचं. घरच्या तुपाचा हा हिशेब घरातल्या बाईच्या हातात असे. माझ्या आजीला 'स्निग्धांश' हा शब्द माहीत नव्हता, पण कुठल्या महिन्यात दुधाला किती तूप सुटतं हे ती बोटांवर सांगायची.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईची वस्ती फुगली आणि शहरातल्या कोंदट तबेल्यांचं दूध पुरेना. १९४५ मध्ये सरकारने मुंबई दूध योजना आखली. चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या आणंदहून पाश्चराइज केलेलं दूध येऊ लागलं आणि ते पुरवण्याचा ठेका पोल्सनकडे होता. त्या ठेक्याविरुद्ध खेडा जिल्ह्यातले शेतकरी उठले आणि डिसेंबर १९४६ मध्ये त्यांचा सहकारी संघ नोंदला गेला. ती कथा सर्वांना ठाऊक आहे.

त्याच वर्षी मुंबईत आणखी एक गोष्ट घडली, ती कमी सांगितली जाते. दारा खुरोडी यांनी टोन्ड दूध आणलं. म्हशीच्या दुधात साधारण ७ टक्के स्निग्धांश असतो. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून स्निग्धांश ३ टक्क्यांवर आणायचा. हिशेब सोपा आहे : ७ टक्क्यांच्या एका लिटरचं ३ टक्क्यांचं सव्वादोन लिटरहून जास्त दूध होतं. प्रथिनं भुकटीतून भरून निघतात आणि दूध स्वस्त होतं. १९४९ मध्ये आरे कॉलनी उभी राहिली. शहरातली जनावरं तीन हजारांहून अधिक एकरांच्या मोकळ्या जागेत न्यायची, ही त्यामागची कल्पना. १९६३ मध्ये खुरोडींना कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७० मध्ये दुग्धपूर योजना सुरू झाली, तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमातून १,२६,००० टन भुकटी आणि ४२,००० टन बटर ऑइल मिळायचं ठरलं. युरोपात गरजेपेक्षा जास्त साठलेली साय अशी आपल्या शहरांतल्या चहात उतरली.

'टोन्ड म्हणजे पाणीच' अशी कुरकुर मी लहानपणी खूप ऐकली. आज मला वाटतं, ती वाटणी न्याय्य होती. ज्यांना म्हशीचं निव्वळ दूध परवडत होतं त्यांच्या पातेल्यावरची जाड साय थोडी पातळ झाली, आणि ज्यांच्या घरी दूधच येत नव्हतं तिथे ते पोचलं. शिवाय त्यात लपवाछपवी नव्हती. ३ टक्के स्निग्धांश, ८.५ टक्के इतर घनपदार्थ, असं जाहीर माप होतं आणि साय कमी आलेली डोळ्यांना दिसत होती.

होमोजिनायझेशनने मात्र कुणाच्या वाट्याला एक थेंबही जास्त साय येत नाही. त्याचे फायदे आहेत : प्रत्येक पेल्यात दूध सारखं येतं, अधिक पांढरं दिसतं, चहा दाट लागतो. बदल्यात घरच्या माणसाची परीक्षा संपते. दुधात काय आहे हे आता पातेलं सांगत नाही, छापील आकड्यावर विश्वास ठेवावा लागतो.

मी काय करतो? पिशव्यांमध्येही होमोजिनाइज न केलेलं दूध मिळतं, विशेषतः जास्त स्निग्धांशाचं; एकाच डेअरीच्या दोन पिशव्यांत फरक असू शकतो. खात्री करायला दूध तापवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो. सकाळी जाड साय एकसंध उचलली गेली तर ते दूध माझं. नाहीतर तबेला. तिथल्या काकांना पहिल्यांदा विचारलं, "काका, निव्वळ आहे ना?" तर म्हणाले, "उद्या साय बघा आणि मग बोला." हे दूध कच्चं असतं. क्षय आणि ब्रुसेलोसिस कच्च्या दुधातून होऊ शकतात, त्यामुळे चीजसाठीही मी ते ६३ अंशांवर अर्धा तास धरतो आणि मगच रेनेट घालतो. म्हशीच्या या दुधाचं टोपली पनीर, म्हणजे सुरतेकडच्या पारशांचं निवळीत ठेवायचं मऊ पनीर, फार सुरेख होतं.

तिसरा मार्ग महागड्या काचेच्या बाटलीचा. आता शहरात 'फार्म'चं दूध घरपोच येतं. त्याच्या जाहिरातीत सायीचा जाड थर दाखवतात आणि दर पिशवीच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतो. खुरोडींच्या टोन्ड दुधाने जी साय श्रीमंत पातेल्यातून काढून वाटली, ती पुन्हा ऐपतवाल्यांच्या दारात येऊन उभी राहिली आहे. माझ्यासारखा हौशी चीजवाला तिचं गिऱ्हाईक आहे, हे मला सुखाचं वाटत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. स्निग्धांश कमी करा, दूध स्वस्त ठेवा, ते पाश्चराइज जरूर करा. पण होमोजिनाइज न केलेली एक साधी, परवडणारी पिशवी प्रत्येक डेअरीने ठेवावी आणि दोन्हींवर ठळक मराठीत छापावं : 'या दुधावर साय येते' किंवा 'या दुधावर साय येत नाही'. एवढं वाचायला भिंग लागू नये.