मुष्टियोद्धा ते सुवर्णपदक विजेता जलतरणपटू : मुरलीकांत पेटकर

पुणे - भारताच्या वैयक्तिक सुवर्णपदकाचा विषय निघाला, की २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील नेमबाज अभिनव बिंद्राचे नाव घेतले जाते. तथापि, त्याआधी ३६ वर्षे, ऑगस्ट १९७२ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत एका मराठी जवानाने जलतरणात सुवर्णपदक पटकाविले होते. त्यांचे नाव मुरलीकांत राजाराम पेटकर. विशेष म्हणजे पेटकर मूळचे जलतरणपटू नव्हेत, तर मुष्टियोद्धे होते.

लष्करातील जडणघडण

पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ रोजी सांगली जिल्ह्यातील पेठ येथे झाला. लहान वयातच ते लष्कराच्या इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स (ईएमई) विभागात दाखल झाले आणि तेथेच मुष्टियुद्धाकडे वळले. त्या काळी देशातील हौशी मुष्टियुद्धाचा मुख्य आधार सेनादले व रेल्वे हाच होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकनंतर भारतीय मुष्टियोद्धे ऑलिंपिकच्या रिंगणात उतरले ते थेट १९७२ मध्ये, म्युनिक येथे. त्यामुळे जवानांना परदेशी प्रतिस्पर्ध्यांशी दोन हात करण्याची संधी प्रामुख्याने सेनादलांच्या स्पर्धांतूनच मिळे. पेटकर यांना ती १९६४ मध्ये टोकियो येथील आंतरराष्ट्रीय सेनादल क्रीडा स्पर्धेत मिळाली.

युद्धाने संपविलेली कारकीर्द

पुढच्याच वर्षी भारत-पाकिस्तान युद्ध पेटले. या युद्धात पेटकर यांना अनेक गोळ्या लागल्या. पाठीच्या कण्याला झालेल्या इजेमुळे कमरेखालचा भाग निकामी झाला आणि विशीतच त्यांची मुष्टियुद्धातील कारकीर्द संपली. मुंबईतील नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार सुरू असताना व्यायामोपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. पायांची साथ नसलेल्या जलतरणपटूचा सारा भार खांदे, दंड आणि श्वासावरील नियंत्रण यांवर असतो. मुष्टियोद्ध्याच्या सरावात याच गोष्टी कमावल्या जातात.

हायडेलबर्गचे यश

१९६८ च्या तेल अवीव पॅरालिंपिकमध्ये पेटकर टेबल टेनिस खेळले. १९७० मध्ये एडिंबरो येथील राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत ब्राँझपदक मिळविले. या वाटचालीत माजी कसोटीपटू विजय मर्चंट यांचे त्यांना साह्य झाले. हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचे अंतर ३७.३३ सेकंदांत पार केले. ही त्या गटातील विश्वविक्रमी वेळ होती आणि पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिलेच सुवर्णपदक ठरले.

उशिरा झालेली दखल

त्यानंतर पुण्यातील टेल्को कंपनीत नोकरी करीत पेटकर येथेच स्थायिक झाले. मात्र, अपंगांच्या स्पर्धांना त्या काळी क्रीडाक्षेत्रात बरोबरीचे स्थान नव्हते. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी केलेली मागणीही मान्य झाली नाही. देशाला पॅरालिंपिकमधील दुसरे सुवर्णपदक मिळण्यास २००४ साल उजाडावे लागले. अथेन्स येथे भालाफेकपटू देवेंद्र झाझडिया याने ते जिंकले.

पेटकर यांना २०१८ मध्ये 'पद्मश्री' किताब देण्यात आला. त्यांच्या जीवनावरील 'चंदू चॅम्पियन' हा कबीर खान दिग्दर्शित हिंदी चित्रपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. अखेर १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांना अर्जुन जीवनगौरव पुरस्कार प्रदान करण्यात आला. हायडेलबर्गच्या विजयाला तेव्हा ५२ वर्षे उलटून गेली होती. त्याच्या काही महिने आधी, २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताने सात सुवर्णांसह २९ पदके मिळविली होती. या पदकतालिकेची पहिली सुवर्णनोंद पुण्यातील या माजी मुष्टियोद्ध्याच्या नावावर आहे.