सापाचं घर : स्वारगेट ते कात्रज

आपल्याकडे सापाचं पहिलं 'घर' म्हणजे गारुड्याची टोपली. झाकण उघडलं की खेळ सुरू, लावलं की संपला. आत साप कसा राहतो, हे विचारायचं कुणाला सुचत नसे. टोपली होती ती बघणाऱ्यांसाठी, सापासाठी नव्हे.

प्राणी ठेवायची हौस पुण्याला जुनीच. सवाई माधवरावांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. १९५३ साली महापालिकेने स्वारगेटहून चालत जाण्याच्या अंतरावर पेशवे पार्क काढलं. सारसबाग, भेळ आणि पिंजऱ्यातला वाघ, हा कित्येक पिढ्यांचा रविवार! पण पिंजरे होते ते लोकांना नीट दिसावं म्हणून. पुढे तिथले प्राणी कात्रजच्या मोकळ्या जागेत गेले.

त्याआधी एक वेगळीच गोष्ट घडली होती. १९८० साली नीलिमकुमार खैरे पुण्यात एका काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. मला त्यात गंमत वाटते ती ही, की काचेच्या आत या वेळी माणूसही होता. पुढे १९८६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. नाग, घोणस, मण्यार यांची ओळख पुण्यातल्या शाळकरी पोरांना तिथे झाली.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या भाच्याला कॉर्न स्नेकचं पिल्लू पाळायचं आहे. हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. लिनियसने १७६६ साली त्याचं शास्त्रीय नाव दिलं. आपली धामण किंवा कुठलाही देशी साप परवानगीशिवाय घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. हा परदेशी, पण तोही कुठून आला याचे कागद हवेतच. भाच्याने चारी बाजूंनी काच आणि वर दिवा असलेली भलीमोठी पेटी पसंत केली आहे. "मस्त दिसेल मामा!"

दिसेल खरं. पण सापाला पापण्या नसतात, त्याला डोळे मिटता येत नाहीत. अंधार हवा तर आडोसाच लागतो. पिल्लाला उघड्या, ऐसपैस जागेत भीती वाटते आणि घाबरलेलं पिल्लू खाणं सोडतं. म्हणून पेटी लहान, तीन बाजू झाकलेल्या, आणि लपायला दोन जागा : एक उबदार टोकाला (२८ ते ३० अंश), एक थंड टोकाला (२२ ते २४). साप अंगात उष्णता तयार करत नाही, तो जागा बदलून ती मिळवतो. उबेला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर पिल्लू भाजेल. पुण्यात जानेवारीच्या रात्री ऊब द्यावी लागेल आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की गारवा. खाली साधा कागद, पाण्याचं जड भांडं आणि पक्की कडी असलेलं झाकण. पेन्सिलीएवढं पिल्लू बारीकशा फटीतूनही निसटतं. आणि कंटाळा आला म्हणून तळजाईच्या टेकडीवर सोडून द्यायचं नाही, ती त्याची भूमी नव्हे.

असं घर केलं तर साप बहुतेक वेळा दिसणारच नाही. पाहुणे आले तरी पेटी रिकामीच वाटेल. टोपलीपासून इथवर यायला आपल्याला बरीच वर्षं लागली आहेत. आता पेटी रिकामी दिसली तरी चालेल, एवढी तयारी असेल त्यानेच साप आणावा.