द्राक्षबागायतदार हॉलमध्ये का जमतात?

मंडळी, या शनिवारी कॉम्प्युटरला सुट्टी. आज द्राक्षांवर लिहायचंय. खाण्याबद्दल नाही, आणि वाईनबद्दल तर मुळीच नाही (त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत). द्राक्षं पिकवणारी माणसं वर्षातून दोन-तीनदा हातातली कामं टाकून एखाद्या मंगल कार्यालयात का जमतात, वही-पेन घेऊन चार-चार तास का बसतात आणि त्यातून गेल्या साठेक वर्षांत काय काय घडलं, त्याबद्दल.

सुरुवात नावांपासून करू. बाजारात 'सोनाका' नावाची लांबट द्राक्षं मिळतात. मला कित्येक वर्षं वाटायचं की सोन्यावरून काहीतरी असेल. तर ते सो म्हणजे सोलापूर, ना म्हणजे नान्नज आणि का म्हणजे काळे! सोलापूरजवळच्या नान्नज गावच्या नानासाहेब काळे यांनी निवडलेला हा वाण. तसंच 'तास-ए-गणेश'. तास म्हणजे तासगाव, ए म्हणजे आर्वे, आणि पुढे गणपतीबाप्पा. बोरगावच्या वसंतराव आर्व्यांनी आपल्या बागेत तो हेरला. आपण व्हेरिएबलला नाव देताना जेवढा विचार करत नाही तेवढा या मंडळींनी द्राक्षाला नाव देताना केलाय.

गंमत बाजूला ठेवू. मुद्दा असा की हे दोन्ही वाण कुठल्या प्रयोगशाळेतून आले नाहीत. थॉमसन सीडलेसच्या घराण्यातल्या वेलीवर एखादी काडी आपोआप वेगळी निघते. मणी लांब, किंवा घड जास्त भरलेला. हजारो काड्यांमधली ती एक काडी ओळखायला बागेत रोज फिरणारा माणूस लागतो. आणि ती ओळखून, तिची कलमं करून, शेजाऱ्याला दाखवण्याची सवय असलेला समाजही लागतो. आजचा लेख त्या सवयीवर आहे.

आता ही सवय द्राक्षातच एवढी का रुजली? उसाच्या किंवा ज्वारीच्या शेतकऱ्यांची अशी चर्चासत्रं एवढ्या नियमाने का होत नाहीत? माझ्या मते कारण पिकातच आहे.

द्राक्ष हे मुळात थंड हिवाळ्याचं पीक. युरोपात किंवा कॅलिफोर्नियात हिवाळ्यात वेल झोपते, पानं गळतात, माणूस एकदा छाटणी करतो, वसंतात वेल जागी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही! मग शेतकऱ्याने तिला वर्षातून दोनदा छाटायचं. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी. तिच्यानंतर ज्या काड्या वाढतात, त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. मग ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, आणि जानेवारी ते एप्रिल माल. म्हणजे वर्षाला दोन छाटण्या आणि पीक एकच. परदेशातलं पुस्तक आणून उपयोग नाही, कारण त्यातला वेळापत्रकाचा धडाच आपल्याला लागू पडत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर तेच, पण मॅन्युअल दुसऱ्याच मॉडेलचं.

त्यातून थॉमसन सीडलेस. हा बिनबियांचा वाण येण्याआधी आपल्याकडे भोकरी, पंढरी साहेबी असले बियांचे वाण होते. पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. चीमा यांनी पंढरी साहेबीतून निवड करून काढलेला 'चीमा साहेबी'ही त्यातलाच. थॉमसनचं कौतुक असं की बी नाही, आणि पंचाईत अशी की बी नाही म्हणून मणी फुगत नाही. कारण मणी फुगवणारं संजीवक बियांमधून येतं. ते मग बाहेरून द्यावं लागतं. जिब्रेलिक अ‍ॅसिड, बागायतदारांच्या भाषेत नुसतं 'जीए'. भाताच्या रोगावर काम करताना १९२६ मध्ये कुरोसावा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाला याचा माग लागला. भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढून मरत होती आणि ती उंची एका बुरशीतून निघणाऱ्या रसायनामुळे होती. तेच रसायन पुढे द्राक्षाच्या घडाला लांबी देऊ लागलं.

पण किती द्यायचं? घड पोपटी रंगाचा असताना पहिली फवारणी १० पीपीएमच्या आसपास, म्हणजे १०० लिटर पाण्यात फक्त १ ग्रॅम. पुढे मणी धरल्यावर घड द्रावणात बुडवायचे, त्याला सगळे 'डिपिंग' म्हणतात. दिवस चुकला, मात्रा चुकली, ढग आले, की घड बिघडला. म्हणून द्राक्षवाले तारीख सांगत नाहीत, छाटणीपासूनचा दिवस सांगतात. "माझा आज पंचेचाळिसावा आहे" असं कुणी म्हणालं की समोरच्याला सगळं कळतं. इतकं काटेकोर पीक आणि मॅन्युअल नाही. अशा वेळी माणूस काय करणार? शेजाऱ्याला विचारणार.

या विचारण्याला संघटनेचं रूप आलं ते १९६० च्या सुमारास, महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघामुळे. मुख्यालय पुण्यात आणि पुणे, नाशिक, सांगली, सोलापूर असे चार विभाग. दोन्ही छाटण्यांच्या आधी विभागवार चर्चासत्रं, वर्षातून एकदा राज्याचं अधिवेशन, आणि 'द्राक्षवृत्त' नावाचं मासिक. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याजवळ मांजरीला सुरू झालं १९९७ मध्ये. तारखा नीट बघा. शेतकऱ्यांचा संघ आधी, आणि राष्ट्रीय केंद्र साडेतीन दशकांनंतर!

याच काळात दुसरा एक प्रवाह वाहत होता. श्रीपाद अच्युत दाभोलकर हे गणित शिकवणारे प्राध्यापक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात होते. (डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे हे थोरले बंधू.) त्यांनी 'प्रयोग परिवार' नावाचं जाळं उभं केलं. पदाधिकारी, वर्गणी, कार्यालय असला थाट नाही. आपल्या तुकड्यात प्रयोग करायचा, मोजायचा, आणि जे दिसलं ते इतरांना पत्राने किंवा भेटीत सांगायचं. तासगाव भागातल्या द्राक्षवाल्यांनी हे फार मनावर घेतलं. दाभोलकरांचा भर पानांवर असे. पान म्हणजे सूर्यप्रकाशातून साखर बनवणारा कारखाना, तेव्हा एका घडाला किती पानं पोसतात ते मोजा. आजही बागेत "एका घडामागे पानं किती?" हा प्रश्न कुणीही सहज विचारतो. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचं पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. इंटरनेट आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी पोस्टकार्डांवर चाललेलं हे ओपन सोर्सच होतं, दुसरं काय?

शेतकऱ्याकडून प्राध्यापकाकडे माहिती जाण्याची जगातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्टही द्राक्षाचीच आहे. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडायचे. कारण साधं, येणारे-जाणारे द्राक्षं चोरून खायचे, निळसर डाग बघून त्यांनी हात लावू नये म्हणून. १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की डाऊनी रोगाने सगळ्या बागेची पानं गळली, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्या आहेत. त्याने प्रयोग करून १८८५ मध्ये ते जाहीर केलं. तेच आपलं बोर्डो मिश्रण. मिलार्दे हुशार होताच, पण त्याने रस्त्याच्या कडेला थांबून विचारलं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मध्यंतरी एका मित्राच्या काकांबरोबर सांगलीकडच्या एका चर्चासत्राला जाऊन बसलो. आधी तज्ज्ञांची भाषणं झाली, स्लाइड्स वगैरे. ऐकत होते सगळे, पण हॉल खरा जागा झाला प्रश्नोत्तरांना. एक तरुण शेतकरी उठला आणि म्हणाला, सगळं शेड्यूलप्रमाणे केलं तरी घड जिरले. पुढच्या रांगेतून एका आजोबांनी वळून विचारलं, "खरड छाटणीनंतर ढगाळ किती दिवस होतं तुमच्याकडं?" मग जमीन कसली, खुंट कुठला, पाणी खारं आहे का. पाच मिनिटांत दहा जणांनी मिळून त्याची बाग डीबग केली. मी काकांना हळूच म्हटलं, मला एक शंका आहे, पण फार बाळबोध आहे. तर म्हणाले, "मग विचार की! हितं कोण हसत नाही."

एक गोष्ट मात्र खटकली. हॉलमध्ये जवळजवळ सगळे पुरुष. विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढायचं काम, बहुतेक बायकाच करतात. एकेक घड त्यांच्या हातात जातो. घडात काय बिघडलंय ते सगळ्यात आधी त्यांनाच दिसत असणार, पण त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती. काकांना विचारलं तर म्हणाले, "खरंय तुझं." आणि गप्प बसले.

आता गोष्टीची दुसरी बाजू.

१९९१ मध्ये द्राक्षवाल्यांच्या सहकारी संस्थांनी मिळून 'महाग्रेप्स' काढली आणि माल युरोपात जाऊ लागला. परक्या बाजाराचे नियम कडक. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि धावपळ झाली. त्यातून नमुने तपासण्याची पद्धत बसली आणि २००६ पासून 'ग्रेपनेट' आलं. पेटी युरोपातल्या दुकानात असली तरी ती कुठल्या बागेतून आली ते संगणकावर शोधता यावं, अशी ही व्यवस्था. भारतातल्या फळांसाठी ती तेव्हा नवलाचीच होती.

आणि तरीही २०१० चा हंगाम बुडाला. क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागेतलं नाव 'सीसीसी'. काडीची फाजील वाढ रोखून डोळ्यांत घड जास्त यावेत म्हणून खरड छाटणीनंतर हे सर्रास फवारलं जायचं. युरोपात तेव्हा त्याची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडे निर्यातीआधी जी रसायनं तपासली जात होती, त्या यादीत हे नावच नव्हतं! माल इथे पास होऊन गेला आणि तिकडे नापास झाला. कंटेनर बंदरांत अडकले, भाव कोसळले, आणि बागेवर काढलेली कर्जं शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिली.

मला इथे थांबावंसं वाटतं. सीसीसी हा काही कुणा एकाचा आगाऊपणा नव्हता. ते गावोगावी पोचलं ते एकमेकांना सांगूनच. म्हणजे ज्या जाळ्याने सोनाका पसरवला, जीएची मात्रा पसरवली, त्याच जाळ्याने हेही पसरवलं. जाळं वेगवान असलं की चांगली गोष्ट एका हंगामात सगळीकडे जाते, तशी चूकही जाते. आपण सगळे एकच लायब्ररी वापरतो आणि तिच्यात एक भोक निघतं, तेव्हा काय होतं ते आपल्याला माहीत आहेच. यादीतल्या सगळ्या टेस्ट पास झाल्या होत्या. यादीत काय नाही, हे विचारणारं कुणी नव्हतं.

त्यानंतर सीसीसीची तपासणी यादीत आली. वाढ रोखायला शेंडा मारणे, पाणी आणि नत्र आवरणे अशा जुन्या उपायांवर पुन्हा बोलणं सुरू झालं, आणि तेही चर्चासत्रांमधूनच. जिथून चूक पसरली तिथूनच दुरुस्तीही पसरली, हे विसरता येणार नाही.

आज चित्र परत बदलतंय. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, यूट्यूब आहे, दर एकरी फी घेणारे खासगी सल्लागार आहेत, हॉलबाहेर औषध कंपन्यांचे स्टॉल आहेत. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी कंपन्यांनी 'आरा'सारखे परदेशी वाण रीतसर परवाना घेऊन आणलेत. हे वाण पावसात, बाजारात जास्त टिकतात म्हणून शेतकऱ्याला हवे आहेत आणि त्यात गैर काही नाही. पण त्यांची काडी शेजाऱ्याला देता येत नाही. नान्नजची काडी जशी फिरली तशी ही फिरणार नाही. मग फिरायला उरतो तो फक्त अनुभव. तोही जर पैसे भरणाऱ्यालाच मिळू लागला, तर दोन एकरवाल्याने जायचं कुठे?

म्हणून मला वाटतं, या चर्चासत्रांतलं सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते तज्ज्ञाच्या स्लाइडवर नसतं. चारशे माणसांसमोर उठून "माझे घड जिरले" असं सांगणारा तो तरुण, त्याच्यात ते असतं. फायद्याची गोष्ट सांगायला स्टॉलवाले आहेतच. नुकसान झालेलं सांगायला मात्र आपलीच माणसं समोर लागतात, आणि त्यांनी हसू नये लागतं. आपल्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये असं शेवटचं कोण उठलं होतं, आठवून बघा.

असो. सध्या इतकंच. पुढच्या वेळी सोनाका घ्याल तेव्हा नान्नजची आठवण काढा म्हणजे झालं.