कार्यस्थळ वाहनतळ आकार (नॉटिंगहॅम)

कर्मचाऱ्यांना गाड्या उभ्या करण्यासाठी दिलेल्या जागांवर नगरपालिकेने मालकवर्गाकडून घ्यावयाचा वार्षिक आकार. ‘ट्रान्सपोर्ट ॲक्ट २०००’ या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील स्थानिक संस्थांना तो लावण्याचा अधिकार मिळाला. परंतु वापरण्याचे धैर्य प्रथम नॉटिंगहॅम शहराने दाखवले. तेथे १ एप्रिल २०१२ पासून वसुली सुरू झाली. पहिल्या वर्षी दर जागेमागे २८८ पौंड होता. पुढे तो वाढत गेला.

अकरा किंवा अधिक जागा असलेल्या मालकांनाच तो भरावा लागतो. त्यामुळे लहान दुकाने व कार्यालये सुटतात. अपंगांच्या राखीव जागा आणि आपत्कालीन सेवांनाही सूट आहे. ही रक्कम मालकाने स्वतः सोसावी की कर्मचाऱ्यांकडून घ्यावी, हे त्याच्यावर सोपवलेले आहे. कामगार संघटनांना हीच तरतूद खुपते, आणि त्यांची तक्रार रास्त आहे: पाळीत काम करणाऱ्याला रात्री-अपरात्री बस मिळतेच असे नाही.

योजनेचे खरे बळ खर्चाच्या बंधनात आहे. उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करणे कायद्याने सक्तीचे आहे. या पैशाच्या आधारे क्लिफ्टन व चिलवेलकडे जाणारे ट्रामचे दोन नवे मार्ग उभे राहिले आणि ऑगस्ट २०१५ मध्ये खुले झाले. चिलवेलचा मार्ग क्वीन्स मेडिकल सेंटर हे मोठे रुग्णालय व विद्यापीठ यांना जोडतो. रेल्वे स्थानकाचे नूतनीकरण आणि बससेवा यांनाही निधी मिळाला. स्कॉटलंडमध्ये असा आकार लावण्याचा अधिकार २०१९ च्या कायद्याने देण्यात आला.