नौबादचे कारेज

१५ व्या शतकात अहमदशहा वली बहमनीने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणिली. या उंच पठारावरील पाण्याची निकड भागविण्यास इराणी ‘कारेज’ विद्या उपयोगी पडली. जांभ्यातून झिरपलेले पाणी खालच्या काळ्या कातळावर थबकते. ते मंद उताराच्या भुयारातून वस्तीकडे आणावयाचे. ना मोट, ना इंधन. सारे काम उतारच करी.

कालांतराने हवाविहिरींची तोंडे बुजली. २०१५ च्या सुमारास नौबादला गाळ उपसण्यास आरंभ झाला. तथापि मला वाटते, पठारावर पाऊस मुरला नाही, तर उपसलेले भुयारही कोरडेच राहील. गाळ सरकार काढील. जमीन मोकळी राखणे मात्र तेथे घर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आहे.