ताडोबाचे तळे आणि भयाची गोडी

भुताखेतांच्या, राक्षसांच्या व परलोकीच्या गोष्टींत रमणे हे अपक्व मनाचे लक्षण होय, असा समज आमच्या वाङ्मयचर्चेत फार दिवसांपासून रूढ आहे. वस्तुतः मराठी कादंबरी चालावयास शिकली ती अद्भुताचेच बोट धरून. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ प्रसिद्ध झाली, तेव्हा वाचकांनी त्या आवडीने वाचल्या. पुढे हरिभाऊ आपट्यांनी घराच्या उंबऱ्याआड कोंडलेले स्त्रीचे दुःख कादंबरीत आणले आणि जुनी अद्भुतकथा पोरकट ठरली. हा पालट इष्टच होता; परंतु त्याने अद्भुताची गोडी मात्र ओसरली नाही. नारायण धारप यांच्या भयकथांनी व रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांनी कित्येकांची झोप उडविली. १९७४ साली जयंत नारळीकर यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने टोपणनाव घेऊन मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली. इतकी हेटाळणी सोसूनही जी आवड टिकते, ती मनुष्याच्या कोणत्या गरजेवर पोसली जाते हे पाहणे अगत्याचे आहे.

ते पाहावयास आम्ही वाचकांस ग्रंथालयातून उठवून चिमुराकडे नेऊ इच्छितो. चिमूर तालुक्यास लागून ताडोबाचे अरण्य पसरले आहे. तेथे भय ही कल्पनेची चैन नव्हे. मोहाची फुले वेचण्यास पहाटे रानात शिरणारी बाई, तेंदूपानांच्या हंगामात ओणवा होऊन पाने खुडणारा मजूर, सांजावल्यावर गुरे वळविणारा गुराखी, या सर्वांस वाघ हा शेजारी आहे. ज्यांस खऱ्या भयाची ददात नाही, त्यांनी आणखी खोटे भय कशासाठी रचावे? तरीही ते त्यांनी रचले, आणि फार सुंदर रचले.

ताडोबाच्या तळ्याची एक जुनी कथा विल्यम क्रुक यांनी १८९६ साली लोकधर्मावरील आपल्या ग्रंथात नमूद केली आहे. एक वऱ्हाड या वाटेने चालले होते. पाणी कोठे मिळेना. तेव्हा एका अनोळखी म्हाताऱ्याने सांगितले की, नवरानवरीने मिळून जमीन खणावी. दोघांनी हसत हसत माती उकरली, तोच निर्मळ झरा उसळला. मंडळी आनंदाने पाणी पीत असतानाच ते चढत गेले आणि त्या जोडप्यास त्याने पोटात घेतले. पुढे तळ्याच्या तळाशी अदृश्य हातांनी देऊळ उभारले. काठी एक ताड उगवला. तो दिवसा दिसे व तिन्हीसांजेस जमिनीत जाई. एक अविचारी यात्रेकरू त्याच्यावर बसला, तो थेट आकाशात जाऊन सूर्याच्या ज्वाळांत भस्म झाला. यात्रेकरूंनी हाक दिली की तळ्यातून लागतील ती भांडी वर येत. घासून परत केली की ती पाण्यात जात. एका लोभ्याने ती घरी नेली, आणि तळ्याचे देणे कायमचे बंद झाले.

या कथेत मृत्यू आहे, पण अंदाधुंदी नाही. वाघ कोणास केव्हा उचलील यास काही नियम नाही. तळ्यास मात्र नियम आहे. घेतले ते परत करावे. जे आपले नाही त्यावर चढून बसू नये. नियम मोडला तर शिक्षा होते, आणि शिक्षेबरोबर गोष्ट संपते. भयकथेची गोडी आमच्या मते येथेच आहे. ती भय वाढवीत नाही. निराकार भयास आकार देते, कारण देते आणि शेवट देते. याच काठावर तारू नावाच्या गोंड प्रमुखाचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना तो मेला असे सांगतात, आणि पौषात त्याची जत्रा भरते. ज्या मृत्यूपुढे कोणाचेच चालले नाही, त्यासही लोकांनी वर्षातला एक काळ नेमून दिला.

गोंडांच्या लिंगोकथेत हेच दुसऱ्या रीतीने दिसते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी मिळविलेली ही कथा त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली छापली गेली. रिकाड गवडी या म्हाताऱ्या राक्षसाच्या शेकोटीतून विस्तव आणावयास गेलेला भाऊ जीव घेऊन पळतो. मग लिंगो जातो, झाडावर चढून वाद्य वाजवितो, आणि तो नरभक्षक म्हातारा नाचू लागतो! भयाला नाचविता येते, हा शोध अडाण्यांचा खचित नव्हे.

परंतु हाच मुलूख भयाचे दुसरे रूपही जाणतो. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमुरात गोळीबार झाला, माणसे पडली, आणि चवताळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अंमलदारही मारले गेले. त्यानंतर गावात आलेल्या फौजेने स्त्रियांवर अत्याचार केले. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. सरकारने त्याच्या बातम्यांवरही बंदी घातली. त्या स्त्रियांची साक्ष म्हणजे निव्वळ कहाणी, असे सत्तेस ठरवावयाचे होते. उलट, २०२१ च्या ऑगस्टात याच जिल्ह्यातील वणी खुर्द येथे करणीच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांस बांधून मारहाण झाली. तेथे कहाणीस साक्ष मानले गेले. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झालेला असूनही हे घडले.

या दोन अपराधांचे मूळ एकच आहे: कथा व साक्ष यांतील मेर पुसणे. ती मेर भयकथेचा सच्चा रसिक कधी पुसत नाही. दिवा मालवून तो घाबरतो, कारण पुस्तक मिटता येते हे त्यास ठाऊक असते. म्हणून मुलांच्या हातून अशी पुस्तके हिसकावून घेणाऱ्यांस आमचे सांगणे इतकेच की, गोष्टीत भिण्याची सवय ज्यास लागली, त्यास गोष्ट कोठे संपते हेही कळू लागते. ज्यास ते कळत नाही, त्याच्या हाती मग दोरी येते, आणि शेजारची म्हातारी त्यास चेटकीण दिसू लागते.